एस.टी.च्या वेगाने स्पिती: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रात याच्या वर पाऊल ठेवायला जागाच नाही. त्यामुळे सह्याद्रीत कितीही वर्षे भटकलेल्या माणसाला विरळ हवा म्हणजे काय ते ठाऊक नसते. मला ते थेट ३,७०० मीटरवर कळले. आम्ही चौघी मैत्रिणी मनालीहून भाड्याच्या गाडीने पहाटे निघालो, साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड ओलांडली आणि संध्याकाळी स्पितीच्या मुख्य गावी, काझाला उतरलो. अलंग-मदन-कुलंग केलेले पाय होते, सगळ्या धडधाकट होतो. रात्री आठला डोके ठणकायला लागले, दहाला उलट्या. हातात असलेल्या चार दिवसांतले दोन मी अंथरुणात काढले.

दोन वर्षांनी पुन्हा गेले. या वेळी एकटी, शिमल्याकडून, सरकारी बसने. काझापर्यंत पोहोचायला आठवडा लागला. पहिल्या वेळच्या निम्म्याहून कमी पैसे खर्च झाले आणि डोके एकदाही दुखले नाही. तेव्हापासून जो कोणी स्पितीबद्दल विचारतो त्याला मी एकच सांगते: तिथे स्वस्त रस्ता आणि शहाणा रस्ता एकच आहे. बस हळू चढते, वाटेत मुक्काम करावे लागतात, आणि शरीराला नेमके तेच हवे असते. पुढचे सगळे त्या हिशोबाने वाचा.

वाळवंट, पण थंड

स्पिती हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेलगत आहे. महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना पलीकडचा माणदेश कोरडा राहतो, तसाच हा प्रकार, फक्त अडवणारी भिंत हिमालयाची. मान्सूनचे ढग दक्षिणेकडच्या रांगांवर रिकामे होतात आणि मागे उरते ती मातकट, उघडी दरी. मैलोन्‌मैल झाड नाही. गावे दिसतात ती ओढ्याच्या पाण्यावर केलेल्या वाटाण्याच्या आणि जवाच्या हिरव्या तुकड्यांमुळे.

म्हणजे तयारी दोन गोष्टींची करायची. डोंगराची थंडी आणि विरळ हवा ही एक, आणि वाळवंटाचा कोरडेपणा, कडक ऊन, पाण्याची टंचाई ही दुसरी. नवखे लोक पहिलीसाठी जाडजूड जॅकेट घेतात आणि दुसरीचा विचारच करत नाहीत.

कधी जायचे

सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मला विचाराल तर दुसरा पर्याय शोधूच नका. आकाश स्वच्छ असते, नाल्यांचे पाणी उतरलेले असते, गर्दी सरलेली असते आणि वाटेवरच्या किन्नौर जिल्ह्यातल्या बागांत सफरचंदे उतरवण्याची धांदल चालू असते. जूनही चांगला, पण मनालीकडची बाजू बर्फ हटल्यावरच उघडते आणि त्याची तारीख दरवर्षी बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस कमी असला तरी तिथे पोहोचण्याचा किन्नौरचा रस्ता दरडींनी अडतो. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी सोयीची, पण मेमध्ये गेलात तर आल्या वाटेनेच परतायचे असे धरून चला.

भारतीयांना या रस्त्याला परवाना लागत नाही. सुमदोच्या चौकीवर ओळखपत्र दाखवावे लागू शकते, म्हणून आधार कार्ड मूळ प्रतीत, हाताशी ठेवा.

उंचीचा जिना

सगळ्या नियोजनाचा कणा हा आहे. आधी हा जिना कागदावर मांडा, मग सुट्टी मागा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डोंगरातल्या वैद्यकाचा साधा नियम आहे. दिवसा वर चढून आलात तरी चालते. रात्री कुठे झोपता ते महत्त्वाचे.

शिमला सुमारे २,२०० मीटर. इथे एक रात्र. कल्पा २,९६० मीटर, दोन रात्री. ताबो ३,२८० मीटर, दोन रात्री. मग काझा, साधारण ३,७००. एवढा सोपा जिना हिमालयात फार थोड्या रस्त्यांवर मिळतो.

बहुतेक जण कल्पाहून निघून नाकोला मुक्काम करतात. नाकोचा तलाव सुंदर आहे, पण गाव ३,६०० मीटरच्या वर आहे, म्हणजे एका उडीत सातशे मीटर. पहिल्या वेळी नाकोत झोपू नका. बस तिथून जाते, तेवढ्यात पाहून घ्या आणि पुढे उतरून ताबोत झोपा.

काझात तीन-चार रात्री, शक्य झाल्यास पिन खोऱ्यातल्या मुद गावी एक-दोन, आणि मग मनाली. रेल्वेचा प्रवास धरून १७-१८ दिवस होतात. तेवढी रजा नसेल तर मुद गाळा, काझाजवळचे लांगझा गाळा, पण कल्पा आणि ताबो गाळू नका. आठच दिवस मिळत असतील तर फक्त किन्नौर करा: सांगला, छितकुल, कल्पा. स्पिती पुढच्या वर्षी.

घरापासून शिमल्यापर्यंत

पुण्याहून झेलम एक्स्प्रेस आणि मुंबईहून पश्चिम एक्स्प्रेस अंबाला कँटला सोडतात. गोवा-कोकणातल्यांसाठी मडगावहून चंदीगडला थेट गोवा संपर्क क्रांती आहे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, आधीसारखे १२० दिवस नाही. तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या सकाळी तिकीट काढा.

अंबाला किंवा चंदीगडहून शिमल्याला बस मिळते. पण एकदा तरी कालक्याहून छोट्या गाडीने जा. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आहे. साध्या डब्याचे तिकीट अगदी स्वस्त असते, आणि पाच-सहा तास शंभराहून जास्त बोगद्यांतून सावकाश चढत जाणे हा जिन्याचा पहिला टप्पाच समजा.

बसची गोष्ट

हिमाचलची एस.टी. म्हणजे एचआरटीसी. शिमला ते रेकाँग पिओ नऊ-दहा तास लागतात. पिओ हे किन्नौरचे जिल्ह्याचे ठिकाण. बाजार, एटीएम, जिल्ह्याचे रुग्णालय सगळे इथेच. तिथून कल्पाला सारख्या लहान बस सुटतात.

कल्पात मोकळ्या दिवशी रोघी गावापर्यंत चालत जा. समोर किन्नर कैलास, पायाखाली दरी, बाजूला सफरचंदांच्या बागा. बागेतले फळ मालकाला विचारल्याशिवाय तोडायचे नाही. विचारलेत तर बहुधा ओंजळभर मिळतात.

आता एक अडचण. काझाची बस पिओहून सकाळी लवकर सुटते आणि कल्पाहून पहिली बस वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते. म्हणून कल्पातल्या दोन रात्रींनंतर शेवटची रात्र पिओत बसस्थानकाजवळ काढा. उंची थोडी उतरते, त्याने नुकसान काहीच नाही. पहाटे स्थानकावर जाऊन खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभे राहा, कारण त्या दिशेला जाणारी गाडी चुकली तर पुढचा भरवसा नाही. सॅक टपावर जाणार असेल तर तिला प्लास्टिकचे किंवा पोत्याचे आवरण घाला, धूळ चेनच्या दातांतून आत शिरते. पाणी, गरम कपडा, औषधे आणि पैसे मांडीवरच्या पिशवीत.

खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तिथपासून डोंगर बोडके व्हायला लागतात, आणि रस्ता ‘का’ नावाच्या जागेच्या वळणांनी नाकोकडे चढतो. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी पिओतच घ्यावी आणि पुढच्या चाकाच्या आसपासची जागा धरावी. माझ्या शेजारी नाकोपर्यंत एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून वाळवलेल्या जर्दाळूंची मूठ काढून माझ्या हातात दिली आणि खुणेने सांगितले की चघळत राहा. घसा कोरडा पडत नाही. तेव्हापासून मी पिओच्या बाजारात पाव किलो जर्दाळू घेतल्याशिवाय बसमध्ये चढत नाही.

ताबो घाईने उरकू नका

ताबोचा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. बाहेरून मातीच्या साध्या भिंती, आणि आत अंधारात भिंतभर चित्रे, मातीच्या मूर्ती. त्याला हिमालयातले अजिंठा म्हणतात आणि आपण मराठी माणसांनी तर तिथे जास्त वेळ थांबायला हवे. मुख्य मंदिरात फोटो काढू देत नाहीत. दार ओलांडल्यावर पाच मिनिटे नुसते उभे राहा. डोळे सरावले की एकेक आकृती वर येते. गावामागच्या कड्यात ध्यानाच्या गुहा आहेत, तिथवर संध्याकाळी सावकाश चढून या. दम किती लागतो ते पाहा, तीच तुमची परीक्षा. चढताना बोलता येत असेल तर शरीर ठीक चालले आहे.

सॅकमध्ये काय

चाळीस-पन्नास लिटरची सॅक पुरते. पाण्यासकट दहा किलोच्या वर वजन जाऊ देऊ नका. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा थर घ्या: आतून थर्मलचा एक जोड, वर फ्लीस किंवा घरचा लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जॅकेट. सप्टेंबरअखेर काझात दुपारी शर्टावर फिरता येते आणि रात्री पारा शून्याजवळ जातो. दिवसातून चार वेळा कपडे चढवायचे-उतरवायचे असतात. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे तीन जोड. सह्याद्रीत वापरलेले, पायाला सरावलेले बूट न्या. नवे बूट घेऊन जाण्याची चूक करू नका.

वाळवंटासाठी: रुंद कडांची टोपी, पूर्ण गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायला काहीतरी आणि नाकाच्या आत लावायला खोबरेल तेल किंवा तूप. कोरड्या हवेने नाकातून रक्त येते, नवखे घाबरतात. बोटभर तुपाने कोरडेपणा कमी होतो. धुळीसाठी सुती पंचा किंवा ओढणी.

खाण्यासाठी शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, खाकरे आणि मेतकूट. विरळ हवेत भूक मरते आणि परके अन्न नको वाटते, तेव्हा गरम भातावर मेतकूट आणि तूप पोटात जाते. फोन थंडीत लवकर मान टाकतो, पॉवर बँक रात्री पांघरुणात घेऊन झोपा. हेडटॉर्च हवाच, वीज जाते.

तंबू आणि स्लीपिंग बॅग पहिल्या वेळी नेऊच नका. प्रत्येक गावात घरे आहेत आणि रजया जाड आहेत.

पाणी, आणि शौचालय

याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. रोज तीन ते चार लिटर पाणी प्या, तहान लागो न लागो. थंडीमुळे घाम कळत नाही, पण कोरडी हवा श्वासागणिक पाणी ओढून घेते. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका. रिकाम्या बाटल्या त्या दरीतून बाहेर नेण्याची सोय फार तोकडी आहे. दोन बाटल्या घरून न्या, होमस्टेत उकळलेले पाणी भरून मागा. गाळणीची बाटली परवडत असेल तर उत्तमच.

गावातल्या जुन्या घरांत कोरडे शौचालय असते. जमिनीला भोक, खाली खोली, आणि बाजूला माती किंवा राखेचा ढीग. वापरून झाले की फावडेभर माती टाकायची. त्यात पाणी ओतायचे नाही, आणि सॅनिटरी पॅड, प्लास्टिक असे काही तर मुळीच टाकायचे नाही, कारण वसंतात हेच खत शेतात जाते. या पिकावर ती घरे जगतात. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि मनालीपर्यंत परत आणा. स्वच्छतेला ओले टिश्यू वापरलेत तर तेही त्याच पिशवीत.

रोज बादलीभर गरम पाण्याची आंघोळ मागू नका. तीन-चार दिवसांनी एकदा, ऊन असताना, दुपारी. रात्री केस धुऊ नका.

काझा आणि आसपासची गावे

पोहोचल्यावर पहिला पूर्ण दिवस काही करू नका. बाजारात फिरा, थुक्पा खा, दुपारी झोपू नका. दुसऱ्या दिवसापासून वर.

काझाहून गावांना बस आहेत, पण काहींना दिवसातून एकच आणि काहींना ठरावीक वारीच. वेळा आदल्या संध्याकाळी स्थानकावर स्वतः विचारा, फोनवरच्या माहितीवर विसंबू नका. बस नसेल तर जेवणाच्या जागी, होमस्टेत विचारा. लांगझाला जाणारी गाडी वाटून घ्यायला कोणीतरी भेटतेच, चौघांत खर्च परवडतो.

‘की’ नावाच्या मठाला बसने जा आणि उताराने काझाला चालत परत या. लांगझा, हिक्कीम आणि कौमिक ही तीन गावे एका दिवसात जोडता येतात. सगळी ४,४०० मीटरच्या आसपास किंवा वर. गाडीने कौमिकला उतरायचे आणि हिक्कीममार्गे लांगझाकडे चालायचे, म्हणजे चढ टळतो. हिक्कीमचे टपाल कार्यालय जगातल्या सर्वांत उंच टपाल कार्यालयांपैकी एक आहे. घरच्या पत्त्यावर स्वतःलाच नव्हे, आजी-आजोबांना कार्ड टाका. लांगझाच्या ओढ्यात समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात, कारण ही सारी जमीन कधीकाळी टेथिस समुद्राचा तळ होती. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच जातीचा. मुले ते विकायला आणतात. हातात घेऊन पाहा, कौतुक करा, विकत घेऊ नका. मागणी वाढली की डोंगर खणला जातो.

त्या रात्री झोपायला काझाला परत. लांगझाच्या आकाशाचा मोह मला कळतो, पण तिथला मुक्काम काझात तीन रात्री नीट झोप लागल्यावरच.

धनकरसाठी सकाळी पिओकडे जाणाऱ्या बसने शिचलिंगला उतरा, वर चढा, आणि संध्याकाळी पिओहून येणाऱ्या बसने काझाला या. कड्याच्या टोकावर मातीच्या सुळक्यांत रोवलेला तो जुना मठ आणि खाली पिन-स्पितीचा संगम, माझ्या मते संपूर्ण स्पितीत याला तोड नाही.

गावात भेटणाऱ्याला ‘जुले’ म्हणा. मठाला, स्तूपाला, कोरीव दगडांच्या मणी भिंतीला प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवा हात त्यांच्याकडे ठेवून.

त्रास झालाच तर

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ही दिसली की त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. थांबा, पाणी प्या, हलके खा. पॅरासिटामॉल चालते. दारू आणि झोपेची गोळी चालत नाही, दोन्ही रात्रीचा श्वास मंद करतात. एका दिवसात उतार पडला नाही तर खाली उतरा.

बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, सरळ रेषेत चालता न येणे, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी गाडी करून खाली न्यायचे, आणि त्या वेळी पैशांचा विचार करायचा नाही. काझात सरकारी आरोग्य केंद्र आहे, ऑक्सिजन तिथे मिळतो. पण ऑक्सिजन हा उतरेपर्यंतचा आधार, उपाय म्हणजे उतरणेच. लक्षणे लपवणारा सोबती सर्वांत धोक्याचा. गटात जाणार असाल तर रोज संध्याकाळी एकमेकांना ‘डोकं कसं आहे?’ विचारायची सवय ठेवा.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल घरच्या डॉक्टरांशी निघण्याआधी बोला. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, रक्तदाब, दमा, गरोदरपण असेल तर विशेष करून. मित्राने दिली म्हणून घेऊ नका.

पैसे

मी दिवसाला १,५०० रुपये धरते. त्यात होमस्टे किंवा डॉर्मिटरीतली खाट, दोन जेवणे, चहा आणि बस बसते, अधूनमधून वाटून घेतलेली गाडीही. स्लीपरचे जाणे-येणे धरून सगळा प्रवास २२,००० ते २५,००० मध्ये होतो. याशिवाय ५,००० रुपये वेगळ्या पाकिटात, फक्त खाली उतरण्याच्या गाडीसाठी. ते पाकीट उघडावे लागले नाही तर उत्तम.

रोख पिओतच काढा. काझात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असे नाही, आणि नेटवर्क गेले की यूपीआयही थांबते. घासाघीस गाडीच्या भाड्यात करा, होमस्टेत करू नका. त्या घरातला गॅस सिलिंडर तुम्ही आलात त्याच रस्त्याने येतो.

उतरताना

काझा-मनाली बस फक्त खिंड उघडी असताना चालते आणि पहाटे निघते. पहाटेला कारण आहे: दुपारी ऊन तापले की हिमनद्या वितळून नाल्यांचे पाणी चढते आणि रस्त्यावरून वाहू लागते. तिकिटाची चौकशी आदल्या दिवशी करा. कुंझुमला देवीच्या मंदिराला गाडी प्रदक्षिणा घालते, मग बातलमार्गे हाडे खिळखिळी करणारा रस्ता. चंद्रतालला जायचे तर बातलहून १४ किलोमीटर आत जावे लागते. तिथे बस नाही, फोन नाही, आणि मुक्काम ४,२०० मीटरच्या वर. म्हणून ते शेवटीच, तेही आधी गाडी ठरवली असेल तर.

पुढे अटल बोगदा येतो. नऊ किलोमीटर डोंगराच्या पोटातून आणि पलीकडच्या तोंडाशी एकदम देवदार. मनालीहून चंदीगडला रात्रीच्या बस आहेत, पण परतीच्या रेल्वेचे आरक्षण मनालीत पोहोचण्याच्या दिवसानंतर दोन दिवस सोडून करा. मंडीजवळ दरड आली तर एक दिवस तिथेच जातो, आणि दुसरा कपडे धुवायला लागतो.